विश्लेषण : प्रयोगशाळेत वीज पाडणारे चार्ल्स स्टाइनमेट्झ कोण होते? लाखो व्होल्टचा क्षणिक दाब मोजतात कसा?

मे महिना सरत आला की बुलढाणा जिल्ह्यात दुपारनंतर आभाळ भरून येते. वारा सुटतो, कडकडाट होतो आणि गावाची वीज जाते. सकाळी लाइनमन येतो तेव्हा कळते, कुठे इन्सुलेटर फुटला, तर कुठे डीपी जळाली. पेरणीच्या तोंडावर डीपी जळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आकाशातील विजेपासून तारांमधील विजेला वाचवायचे कसे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील वीज कंपन्यांनाही छळत होता. तो सोडवण्यासाठी एका अभियंत्याने १९२२ मध्ये चक्क प्रयोगशाळेत वीज पाडून दाखवली. उंची जेमतेम चार फूट, पाठीला जन्मजात बाक आणि तोंडात कायम चिरूट असलेल्या या माणसाचे नाव चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. त्यांच्या आयुष्याचा आणि त्यांच्या शेवटच्या कामातून पुढे आलेल्या मोजमापाच्या पेचाचा हा आढावा.

स्टाइनमेट्झ कोण होते?

स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ शहरात झाला. तेव्हा ते प्रशियात होते; आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. त्यांचे मूळ नाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ. वडील रेल्वेच्या कार्यालयात शिळाछपाईचे काम करत. पाठीचा बाक वडिलांनाही होता आणि आजोबांनाही. आई वर्षभरातच वारली आणि मुलाला आजीने वाढवले.

शरीर साथ देत नसले तरी गणितात हा मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. १८८३ मध्ये त्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील विद्यार्थी मंडळात त्यांना ‘प्रोटियस’ हे टोपणनाव मिळाले. प्रोटियस हा ग्रीक पुराणातील रूपे बदलणारा समुद्रदेव. पुढे अमेरिकेत नाव बदलताना त्यांनी हेच टोपणनाव मधले नाव म्हणून घेतले.

मायदेश का सोडावा लागला?

त्या काळी जर्मनीत बिस्मार्क यांचे सरकार होते आणि समाजवादी संघटनांवर कायद्याने बंदी होती. विद्यापीठात असतानाच स्टाइनमेट्झ समाजवादी गटात ओढले गेले. गटाच्या वृत्तपत्राचे संपादक तुरुंगात गेले तेव्हा त्यांनी संपादनाची जबाबदारी उचलली. पोलिसांची नजर त्यांच्यावर पडली. डॉक्टरेटचा प्रबंध जवळपास पूर्ण झाला होता. पण पदवी हाती येण्याआधीच, १८८८ मध्ये, अटक टाळण्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले. वडिलांशी त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

काही काळ ते स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे शिकले. तेथे ऑस्कर अस्मुसेन हा मित्र भेटला. अस्मुसेन अमेरिकेला निघाला आणि स्टाइनमेट्झ त्याच्याबरोबर निघाले. १८८९ च्या जूनमध्ये दोघे बोटीने न्यूयॉर्क बंदरात उतरले.

अमेरिकेच्या दारातून परत पाठवणी कशी टळली?

बंदरावरील अधिकाऱ्यांनी स्टाइनमेट्झ यांना अडवले. खिशात पैसा नाही, इंग्रजी जेमतेम आणि शरीर असे. हा माणूस उद्या सरकारवर ओझे होईल, अशी अधिकाऱ्यांना शंका होती. अस्मुसेनने मध्ये पडून आपल्याजवळील पैसे दाखवले आणि मित्राची हमी घेतली. तेव्हा कुठे प्रवेश मिळाला.

पहिली नोकरी मिळाली ती न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात, रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात. आयकेमायर हेही जर्मनीतून राजकीय कारणाने आलेले निर्वासित. टोप्या बनवण्याची यंत्रे तयार करता करता ते विजेच्या मोटारींकडे वळले होते. नकाशे काढणारा कर्मचारी म्हणून स्टाइनमेट्झ लागले आणि थोड्याच दिवसांत कारखान्यातील छोट्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले.

पहिले मोठे काम कोणते?

गावातील डीपीला भार नसतानाही ती थोडी तापलेली असते. आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारांची गुंडाळी असते आणि मध्ये लोखंडी पत्र्यांचा गाभा. एसी विजेमुळे हा गाभा आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा एका दिशेने आणि ५० वेळा उलट दिशेने चुंबकीय होतो. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. या प्रकाराला हिस्टरेसिस म्हणतात.

१८९० च्या सुमारास यंत्र बनवणाऱ्यांना हे नुकसान किती होईल, हे आधी सांगता येत नव्हते. यंत्र बनवायचे, चालवायचे आणि फार तापले तर मोडून पुन्हा बनवायचे, अशी रीत होती. स्टाइनमेट्झ यांनी आधी इतरांची प्रसिद्ध झालेली मोजमापे तपासली, मग स्वतः वेगवेगळ्या लोखंडावर मोजणी केली आणि त्यातून एक सूत्र काढले. चुंबकत्व वाढते तसे नुकसान त्याच्या १.६ व्या घाताने वाढते, असे ते सूत्र. जानेवारी १८९२ मध्ये त्यांनी ते अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. तेव्हा त्यांचे वय २६ होते. आजचे लोखंड वेगळे आहे आणि घाताचा आकडाही बदलतो, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा आखताना या सूत्राचे सुधारित रूप अजूनही वापरले जाते.

एसी विजेचे गणित सोपे कसे झाले?

डीसी विजेचा हिशेब सरळ असतो. एसीमध्ये दाब आणि प्रवाह सतत बदलतात आणि दोघे एकाच वेळी शिखरावर पोहोचतीलच असे नाही. त्यामुळे साध्या मंडलासाठीही कलनशास्त्राची पानेच्या पाने भरावी लागत. स्टाइनमेट्झ यांनी यासाठी संमिश्र संख्या वापरण्याची पद्धत घडवली आणि १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ती मांडली. त्यामुळे अवघड समीकरणे साध्या बीजगणितात उतरली. आज आयटीआयपासून अभियांत्रिकीपर्यंत विजेचे विद्यार्थी शिकतात ती पद्धत हीच.

त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे जीई, या कंपनीने आयकेमायर यांचा व्यवसाय विकत घेतला. पेटंटांबरोबर कंपनीला हा तरुणही हवा होता. १८९४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे कंपनीच्या मुख्य कारखान्यात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९०० मध्ये कंपनीने संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा काढावी, हा आग्रह त्यांचाच. त्या प्रयोगशाळेची सुरुवात त्यांच्या घरामागच्या कोठारात झाली. १९०१-०२ मध्ये ते विद्युत अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष होते आणि १९०२ पासून युनियन कॉलेजमध्ये शिकवू लागले. त्यांच्या नावावर सुमारे २०० पेटंट झाली.

घरात कोण होते?

तीन पिढ्यांचा बाक आपल्या मुलांकडे जाऊ नये म्हणून स्टाइनमेट्झ यांनी लग्न न करण्याचे ठरवले होते. घर मात्र त्यांना हवे होते. स्केनेक्टडीत त्यांनी मोठे घर बांधले, त्याला काचगृह जोडले आणि त्यात निवडुंग व ऑर्किड लावले. घरात मगरी आणि विषारी गिला सरडेही पाळले होते.

लिरॉय हेडन हा तरुण त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. हेडनचे १९०३ मध्ये लग्न झाले आणि नंतर स्टाइनमेट्झ यांनी त्या जोडप्याला आपल्या घरी राहायला बोलावले. हेडनच्या पत्नीने एक अट घातली, ती जेवणाच्या वेळेची. प्रयोगात काहीही चालू असले तरी वेळेवर ताटावर यायचे. ती अट मान्य झाली. पुढे स्टाइनमेट्झ यांनी हेडन यांना कायदेशीर दत्तक घेतले. हेडन दाम्पत्याला तीन मुले झाली आणि लग्न न केलेल्या या माणसाला नातवंडे मिळाली. मुलांना गोष्टी सांगण्यात आणि रसायनांचे रंगीत खेळ दाखवण्यात आजोबांच्या संध्याकाळी जाऊ लागल्या.

बड्या कंपनीत राहूनही समाजवादी कसे?

तरुणपणीचे विचार त्यांनी सोडले नाहीत. १९११ च्या निवडणुकीत स्केनेक्टडीत जॉर्ज लन हे समाजवादी महापौर निवडून आले. त्यांनी स्टाइनमेट्झ यांना शिक्षण मंडळावर घेतले आणि ते मंडळाचे अध्यक्ष झाले. शहरात कारखान्यांमुळे स्थलांतरितांची वस्ती वाढली होती आणि शाळांत मुलांना जागा पुरत नव्हती. नव्या वर्गखोल्या, मोफत पाठ्यपुस्तके आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग या कामांसाठी त्यांनी वेळ दिला. पुढे ते नगर परिषदेचेही अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये त्यांनी लेनिन यांना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणात मदतीची तयारी दाखवली आणि लेनिन यांनी उत्तरही पाठवले. कंपनीने हे सारे चालू दिले, कारण त्यांच्यासारखा हिशेब दुसरा कुणी करून देत नव्हता.

त्यांच्याविषयीची एक आख्यायिका तर जगभर सांगितली जाते. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील जनरेटर बिघडला. स्टाइनमेट्झ यांनी दोन दिवस हिशेब केला, यंत्राच्या अंगावर खडूने एक खूण केली आणि तेथील गुंडाळीचे वेढे कमी करायला सांगितले. यंत्र सुरू झाले. दहा हजार डॉलरच्या बिलाचा तपशील मागितला तेव्हा त्यांनी खडूच्या खुणेचा एक डॉलर आणि खूण कुठे करायची हे जाणण्याचे बाकीचे, असा हिशेब दिला म्हणतात.

आकाशातील विजेकडे लक्ष कसे गेले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज दूरवर नेणाऱ्या उंच दाबाच्या लाइन वाढत होत्या. आपल्याकडे टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईला आणली ती सुमारे एक लाख व्होल्टच्या लाइनवरून. लाइन जितकी लांब, तितकी तिच्यावर किंवा जवळपास वीज पडण्याची शक्यता जास्त. वीज पडली की तारेवर दाबाची एक लाट उठते. ती प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन्ही बाजूंना धावते आणि वाटेत जो इन्सुलेटर किंवा ट्रान्सफॉर्मर कच्चा असेल तो फोडते.

तारांवरील अशा क्षणिक लाटांच्या गणितावर स्टाइनमेट्झ यांनी १९०९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. कंपनीत लायटनिंग अरेस्टर बनवण्याचे कामही चालू होते. अरेस्टर म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार. नेहमीच्या दाबाला तो बंद असतो. दाब हद्दीबाहेर गेला की क्षणभर उघडतो, लाट जमिनीत सोडतो आणि पुन्हा बंद होतो. पण तो चांगला की वाईट, हे ठरवायला खरी वीज पडण्याची वाट पाहावी लागे.

स्टाइनमेट्झ यांची मोहॉक नदीकाठी एक लाकडी झोपडी होती. उन्हाळ्यात ते तेथे राहत आणि होडीत फळी आडवी टाकून तिच्यावर कागद मांडून काम करत. १९२० मध्ये या झोपडीवर वीज पडली. त्या वेळी तेथे कुणी नव्हते. खिडकी फुटली, वायर जळाली आणि भिंतीवरील आरशाच्या ठिकऱ्या उडाल्या. स्टाइनमेट्झ यांनी आरशाचा तुकडा न् तुकडा गोळा करून जुळवला आणि पाठीमागच्या चांदीच्या मुलाम्यावर विजेची वाट कशी उमटली आहे, ते पाहिले. वीज कुठून शिरली आणि कशी फाकली, याचा जणू नकाशाच त्यांच्या हाती आला.

प्रयोगशाळेत वीज कशी पाडली?

पुढची दोन वर्षे त्यांनी सहकाऱ्यांसह कृत्रिम विजेचे यंत्र उभे करण्यात घालवली. तत्त्व सोपे होते. काचेच्या मोठ्या पट्ट्यांवर धातूचा पत्रा लावून कपॅसिटर बनवायचे, त्यांत हळूहळू वीज साठवायची आणि मग सारी एका झटक्यात सोडायची. विहिरीतून मोटरने तासभर टाकी भरावी आणि मग तिचा तळच उघडावा, तसे.

१९२२ मध्ये हे यंत्र जगाला दाखवण्यात आले. दाब १,२०,००० व्होल्ट, प्रवाह १०,००० अॅम्पिअर आणि काळ सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग. त्या क्षणापुरती शक्ती दहा लाख अश्वशक्तीहून जास्त होती. एकूण ऊर्जा मात्र १,००० वॅटचा हीटर १२ सेकंद चालवण्याइतकीच! सारी ताकद काळ लहान करण्यात होती. त्या झटक्याने लाकडाच्या ओंडक्याच्या चिरफळ्या उडत आणि बारीक तार वाफ होऊन नाहीशी होत असे. ऑक्टोबर १९२२ मध्ये थॉमस एडिसन स्वतः हे पाहायला आले. वृत्तपत्रांनी स्टाइनमेट्झ यांना वीज घडवणारा देव ठरवले. त्यांच्यासाठी मात्र तो अरेस्टर आणि इन्सुलेटर तपासण्याचा ओटा होता. आता वादळाची वाट पाहायची गरज नव्हती.

मग मोजमापाचा पेच कोणता?

वीज पाडता आली, पण त्या क्षणात नेमके काय घडले, हे दाखवणारे साधन तेव्हा बाल्यावस्थेत होते. कपॅसिटर सावकाश भरतात, त्यामुळे सोडण्याआधीचा दाब कळतो. खरा प्रश्न पुढचा होता. झटका तपासायच्या वस्तूवर पोहोचला तेव्हा दाब किती वर गेला, किती वेगाने चढला आणि किती वेळ टिकला?

हे कळणे का गरजेचे? ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण घ्या. लाट हळू चढली तर दाब साऱ्या वेढ्यांत वाटला जातो. लाट एकदम उभी चढली तर बहुतेक भार पहिल्या काही वेढ्यांवर येतो आणि तेथेच इन्सुलेशन फाटते. म्हणजे दोन लाटांची उंची सारखी असूनही एकीत ट्रान्सफॉर्मर वाचतो, दुसरीत जळतो. शिखराचा आकडा पुरत नाही. लाटेचा आकार लागतो.

काट्याचा मीटर येथे निरुपयोगी ठरतो, कारण काटा हलायच्या आत सारे संपलेले असते. दोन धातूचे गोळे समोरासमोर ठेवून त्यांच्यामधील फट मोजण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. एक सेंटिमीटर हवेच्या फटीला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात, तेव्हा ठिणगी पडते. फट कमी-जास्त करून शिखर किती, हे ठरवता येते. पण गोळ्यांना लाटेचा आकार सांगता येत नाही.

स्टाइनमेट्झ यांचा अखेरचा काळ कसा गेला?

१९२३ च्या शरद ऋतूत स्टाइनमेट्झ हेडन कुटुंबासह अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या लांब प्रवासाला गेले. जागोजागी व्याख्याने झाली. परतल्यावर थकवा जाणवू लागला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. २६ ऑक्टोबर १९२३ च्या सकाळी, वयाच्या ५८ व्या वर्षी, घरातच त्यांचे निधन झाले. बंदरावर ज्यांना परत पाठवण्याची तयारी झाली होती, त्यांच्या निधनाची बातमी देशभरातील वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापली.

विजेचे काम थांबले नाही. जीईच्याच पिट्सफील्ड येथील प्रयोगशाळेत एफ. डब्ल्यू. पीक यांनी कृत्रिम विजेचा दाब वीस लाख व्होल्टपर्यंत नेला. जर्मनीत एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये नवी जोडणी मांडली. त्यात अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी जोडून भरायचे आणि सोडताना एकावर एक रचल्यासारखे जोडायचे. दहा कपॅसिटर एक लाखाला भरले की झटका दहा लाखांचा. त्याच सुमारास काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा किरण वळवून वेगवान बदल टिपणारे ऑसिलोग्राफ सुधारले. पण या नाजूक यंत्राला लाखो व्होल्ट दाखवायचे कसे?

रेझिस्टिव्ह डिव्हायडर म्हणजे काय?

उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात होते. सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेसारख्या पायऱ्यांच्या विहिरीची कल्पना करा. सर्व पायऱ्या सारख्या असतील, तर खोली मोजायला दोर टाकावा लागत नाही. एक पायरी मोजायची आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणायचे. डिव्हायडर दाबाच्या बाबतीत हेच करतो.

एक मोठा आणि एक छोटा असे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे. मोठ्याचे वरचे टोक उंच दाबाला, छोट्याचे खालचे टोक जमिनीला. दोघांतून एकच प्रवाह जातो, म्हणून दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. समजा, वरचा रेझिस्टर ९,९९० ओहमचा आणि खालचा १० ओहमचा आहे. एकूण रोध १०,००० ओहम. खालच्याच्या वाट्याला दाबाचा हजारावा भाग येतो. वर दहा लाख व्होल्ट असतील, तर खाली एक हजार. तो ऑसिलोग्राफला आणखी कमी करून दाखवायचा आणि आलेला आकडा गुणून घ्यायचा.

दहा लाख व्होल्टला यातून १०० अॅम्पिअर वाहतात, म्हणजे शिखरावर दहा कोटी वॅट. एवढ्या शक्तीने रेझिस्टर वितळत का नाही? कारण काळ. चाचणीची प्रमाणित लाट १.२ मायक्रोसेकंदात चढते आणि ५० मायक्रोसेकंदात निम्म्यावर येते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. साऱ्या झटक्यात जिरणारी ऊर्जा सुमारे ३,६०० ज्यूल, म्हणजे वीजबिलातील एका युनिटचा हजारावा भाग.

दिसायला सोपे, मग अवघड काय?

कागदावर दोनच रेझिस्टर असले, तरी प्रत्यक्षात दहा लाख व्होल्टचा डिव्हायडर माणसापेक्षा उंच खांब असतो. खांब आणि जमीन यांच्यात आपोआप एक अदृश्य कपॅसिटर तयार होतो. लाट चढताना थोडा प्रवाह रेझिस्टरमधून खाली न जाता या वाटेने जमिनीत झिरपतो. परिणामी खाली दिसणारी लाट खऱ्यापेक्षा सावकाश चढलेली दिसते.

हा उशीर रोधावर अवलंबून असतो. तीन मीटरच्या खांबासाठी ढोबळ हिशेब केला, तर १०,००० ओहमला उशीर ०.०७ मायक्रोसेकंद येतो, तो चालतो. पण प्रवाह कमी राहावा म्हणून रोध दहा लाख ओहम ठेवला, तर उशीर ७ मायक्रोसेकंदांवर जातो. १.२ मायक्रोसेकंदात चढणारी लाट अशा खांबाला दिसणारच नाही. उलट रोध फारच कमी ठेवला, तर डिव्हायडरच झटक्याची ताकद खाऊन टाकतो. बरोबर मधला रोध निवडणे, हीच यातली कसोटी. त्यासाठी आणखी काही काळजी घेतात.

- तार गुंडाळायची ती दोन उलट दिशांनी, म्हणजे गुंडाळीचे चुंबकत्व एकमेकांना खोडते.
- खांबाच्या माथ्यावर धातूचे मोठे कडे बसवतात. ते झिरपणाऱ्या प्रवाहाची भरपाई वरून करते.
- खालून मीटरकडे जाणारी केबल आवरणाची असते आणि तिच्या टोकाला नेमका जुळणारा रेझिस्टर लावतात. नाही तर लाट टोकावर आपटून परत येते आणि खोटे आकडे दिसतात.
- खांबापासून भिंती आणि माणसे ठरावीक अंतरावर ठेवतात, कारण जवळची प्रत्येक वस्तू मोजमाप बदलते.

महाराष्ट्रात हे तंत्र कुठे वापरले जाते?

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘काली’ नावाची इलेक्ट्रॉन झोताची यंत्रे बांधली. त्यातील ‘काली ५०००’ सुमारे दहा लाख व्होल्टचा झटका देते आणि तो १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग टिकतो. एवढ्या वेगाला गुंडाळलेली तार चालत नाही. अशा ठिकाणी प्लास्टिकच्या नळीत मोरचुदाचे पाणी भरून, दोन्ही टोकांना तांब्याच्या तबकड्या लावून रेझिस्टर बनवतात. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच हे मोरचूद. पाण्यात ते किती टाकले, यावर रोध ठरतो. गुंडाळी नसल्याने चुंबकत्वाचा अडसर येत नाही आणि पाणी उष्णता सहज पोटात घेते.

गावातील डीपीशीही या तंत्राचा थेट संबंध आहे. ११ हजार व्होल्टच्या लाइनवरील ट्रान्सफॉर्मरच्या नमुन्याला ७५ ते ९५ हजार व्होल्टचे कृत्रिम विजेचे झटके देऊन पाहतात. बेंगळुरू आणि भोपाळ येथील सीपीआरआय, वडोदऱ्याची एर्डा अशा संस्थांत या चाचण्या होतात. झटका खरोखर तेवढाच होता आणि लाट ठरलेल्या आकाराची होती, हे डिव्हायडरच सांगतो. तो चुकला तर कच्चा ट्रान्सफॉर्मर पास होतो आणि त्याचा भुर्दंड पहिल्या वादळात गाव भरतो.

विजेपासून माणसाला संरक्षण मिळते का?

लाइनवरील अरेस्टर ट्रान्सफॉर्मरला वाचवतो, शेतातील माणसाला नाही. आकाशातील विजेचा प्रवाह साधारण ३०,००० अॅम्पिअर असतो आणि उघड्या रानात त्याला अडवणारे काही नसते. त्यामुळे कडकडाट ऐकू येताच काम सोडून पक्क्या घरात जाणे, एकट्या झाडाखाली न थांबणे, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून आणि पाण्यापासून दूर राहणे, हाच उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. तेही देशभर बसवलेल्या संवेदकांनी विजा मोजल्यामुळेच शक्य झाले आहे. लोखंडाच्या तापण्यापासून आकाशातील विजेपर्यंत स्टाइनमेट्झ यांनी आयुष्यभर हेच काम केले. जे लोक अंदाजाने चालवत होते, ते त्यांनी आकड्यांत आणले. कृत्रिम विजेचा अचूक आकडा पाहायला ते राहिले नाहीत. तो पुढच्यांनी दोन रेझिस्टर जोडून मिळवला.